सरोवरांतील बेट आणि मुक्कामाचा परवाना

राष्ट्रीय उद्यान म्हटलें कीं प्रवेशाची कमान, कमानीशीं तिकिटांची खिडकी आणि खिडकीपुढें लागलेली मोटारींची लांबच लांब रांग असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक नामांकित उद्यानांच्या बाबतींत तें खरेंहि आहे. मिशिगन संस्थानांत मोडणारें आइल रॉयल हें उद्यान मात्र या चित्रांत बसत नाहीं. तेथें कमान नाहीं, खिडकी नाहीं आणि मोटारींची रांग लागण्याचा संभव तर मुळींच नाहीं. कारण हें उद्यान म्हणजे लेक सुपीरियर नांवाच्या सरोवरांतील एक बेट आहे. बेट सुमारें ४५ मैल लांब आणि रुंदींत जेमतेम ९ मैल. त्याच्या भोंवतीं चारशेंहून अधिक लहान लहान बेटें विखुरलेलीं आहेत, आणि उद्यानाच्या हद्दींत जमिनीपेक्षां पाणीच कितीतरी पटींनीं अधिक आहे.

या पाण्याला सरोवर म्हणतात एवढेंच. एरवीं त्याचा स्वभाव समुद्राचा. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या चौथाईहून थोडें अधिकच. अत्यंत खोल ठिकाणीं तळ गांठण्यास ४०६ मीटर खालीं जावें लागतें. ऐन उन्हाळ्यांतहि हें पाणी इतकें थंड असतें कीं त्यांत पडलेला माणूस पोहतां येत असूनहि फार काळ टिकाव धरूं शकत नाहीं. अशा पाण्यांतून बेटावर जाण्याचे मार्ग दोनच: आगबोट किंवा पाण्यावर उतरणारें लहान विमान. मिशिगनच्या हौटन गांवाहून ‘रेंजर थ्री’ ही उद्यानखात्याच्या मालकीची बोट निघते. ती १९५८ सालीं बांधलेली असून तिची लांबी १६५ फूट आहे, आणि ७३ मैलांचें अंतर तोडण्यास तिला सुमारें सहा तास लागतात. कॉपर हार्बर आणि मिनेसोटांतील ग्रँड पोर्टेज येथून खासगी बोटी सुटतात. १ नोव्हेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत बेट संपूर्ण बंद असतें. बेटावर मोटार नाहीं, सायकलसुद्धां नेतां येत नाहीं. जें कांहीं फिरावयाचें तें पायीं, नाहींतर होडींतून.

असें हें आडवळणाचें ठिकाण. तरीहि मुक्कामाचे दर, परवाने आणि राखीव जागा या रूक्ष वाटणाऱ्या विषयाचा विचार करण्यास याच्याइतकें चांगलें ठिकाण दुसरें नाहीं. कारण सार्वजनिक जागेवर रात्र काढण्याचा हक्क कोणाला असावा, या प्रश्नाचें आइल रॉयलनें दिलेलें उत्तर इतर ठिकाणच्या उत्तराहून निराळें आहे.

प्रथम पैशाची बाब. आइल रॉयलचें प्रवेशशुल्क माणशीं दररोज ७ डॉलर आहे. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंतच्या मुलांस तें माफ आहे. यलोस्टोनसारख्या उद्यानांत शुल्काची रीत निराळी. तेथें एका मोटारीस सात दिवसांचे ३५ डॉलर पडतात. मग मोटारींत एकच गृहस्थ बसलेला असो कीं आजी-आजोबांसह सारें कुटुंब असो. आइल रॉयलला मोटारच नसल्यामुळें आकारणीचें मापहि बदललें आणि मोटारीच्या जागीं माणूस आला. याचा परिणाम असा कीं तेथें जो अधिक दिवस राहतो त्याला अधिक द्यावें लागतें. दोन प्रौढ माणसें पांच दिवस राहिलीं तर ७० डॉलर होतात. सहावा दिवस उजाडला कीं रक्कम ८४ वर जाते. अमेरिकेंतील रहिवाशांना सर्व राष्ट्रीय उद्यानांसाठीं वर्षाचा ८० डॉलरांचा पास मिळतो, आणि माणशीं शुल्क असलेल्या उद्यानांत तो पास धारकासह चार प्रौढांस पुरतो. म्हणजे चौघां प्रौढांच्या कुटुंबाला तिसऱ्याच दिवशीं पास स्वस्त पडूं लागतो. एकट्यानें जाणाऱ्यासाठीं ६० डॉलरांचा हंगामी पास आहे. तो नऊ दिवस राहणाऱ्याच्या फायद्याचा. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या गृहिणीला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाहीं. परंतु अनेक सुशिक्षित पुरुष पासाची जाहिरात पाहून तो आधीं विकत घेतात आणि हिशेब मागाहून करतात.

या शुल्काबद्दल एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हे ७ डॉलर बेटावर पाऊल ठेवण्याबद्दलचे आहेत. रात्रीं तंबू ठोकण्याबद्दल निराळें कांहीं द्यावें लागत नाहीं. सहा किंवा त्याहून कमी माणसांच्या जथ्याला मुक्कामाचा परवाना फुकट मिळतो.

लोकांच्या मालकीच्या रानांत शिरण्यास लोकांनींच पैसे कां द्यावेत, हा वाद अमेरिकेंत नवा नाहीं. १९०८ सालीं माउंट रेनियर उद्यानानें मोटारींकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली, आणि असें करणारें तें पहिलें राष्ट्रीय उद्यान. यलोस्टोनमध्यें मोटारींना प्रवेश मिळाला तो १९१५ सालीं. त्याच्या पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय उद्यानांचें स्वतंत्र खातें स्थापन झालें. ज्यानें कर भरला त्याच्याकडून दारांत पुन्हां पैसे घेणें अन्याय्य आहे असें एका पक्षाचें म्हणणें. ज्याला रानाची हौस नाहीं त्याच्या करांतून हौशी माणसाच्या मुक्कामाची सोय कां करावी, असा दुसऱ्या पक्षाचा सवाल. २००४ सालच्या कायद्यानें या भांडणांत एक व्यवहारी वाट काढली. उद्यानांत गोळा झालेल्या शुल्काचा किमान ८० टक्के भाग त्याच उद्यानासाठीं खर्च व्हावा, असें त्यानें ठरविलें. दिलेल्या पैशांतून त्याच बेटावरचा मोडका धक्का दुरुस्त होतो, हें पाहिल्यावर देणाऱ्याची कुरकुर पुष्कळ कमी होते. तरी मूळ वाद मिटला असें नव्हे, आणि तो मिटूंहि नये. खजिन्यांत तूट आली कीं दाराचें तिकीट वाढवावें ही सरकारची जुनी संवय आहे आणि तिच्यावर कोणीतरी नजर ठेवणें इष्टच आहे.

आतां परवान्याकडे वळूं. हौटनहून येणाऱ्या उतारूंना तो बोटींतच मिळूं शकतो. इतरांना बेटाच्या पूर्व टोंकाशीं असलेल्या रॉक हार्बर किंवा पश्चिम टोंकाशीं असलेल्या विंडिगो येथें उतरल्यावर मिळतो. रेंजर, म्हणजे उद्यानाचा रक्षक, प्रथम चार गोष्टी समजावून सांगतो: कचरा परत न्यावा, अन्न उघडें टाकूं नये, विस्तव कोठें करतां येतो आणि कोठें नाहीं, इत्यादि. मग तो विचारतो कीं पहिली रात्र कोठें, दुसरी कोठें, तिसरी कोठें. उत्तरें परवान्यावर लिहिलीं जातात. बेटावर मुक्कामाचीं ठरलेलीं ३६ ठिकाणें आहेत. प्रत्येक ठिकाणीं लागोपाठ किती रात्री राहतां येईल याची मर्यादा ठरलेली आहे. कोठें एकच रात्र, कोठें तीन, कोठें पांच. बंदराशेजारच्या सोयीच्या ठिकाणीं भर हंगामांत मर्यादा कडक असते, नाहींतर पहिल्याच जागेवर लोक ठाण मांडून बसतील. होडींत झोंपणाऱ्यालाहि परवाना लागतोच.

एवढें सारें लिहून झालें तरी त्या परवान्यानें जागा मात्र राखली जात नाहीं! बाहेरच्या माणसाला हें चमत्कारिक वाटतें. ‘दुसरी रात्र डेझी फार्म येथें’ असें परवान्यावर लिहिलेलें असलें, तरी डेझी फार्मला पोहोंचल्यावर सर्व जागा भरलेल्या आढळल्या तर परवाना दाखवून कोणालाहि उठवितां येत नाहीं. अशा वेळीं आधीं आलेल्यांनीं आपल्या जागेंत उशिरा आलेल्यास सामावून घ्यावें असा शिरस्ता आहे. कांहीं ठिकाणीं लांकडी निवारे बांधलेले आहेत. तीन बाजूंस भिंती, वर छप्पर आणि पुढच्या बाजूस डांसांसाठीं जाळी. जून-जुलै महिन्यांतील डांस आणि चावऱ्या माश्या ज्यांनीं अनुभविल्या आहेत त्यांना या जाळीची किंमत कळते. पण हे निवारेसुद्धां आगाऊ राखतां येत नाहींत. जो आधीं पोहोंचेल त्याचे.

मराठी माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटावी. जुन्या धर्मशाळेचा कायदा हाच होता. धर्मशाळेंत कोणी पत्र पाठवून खोली राखत नसे. आलेल्यानें पथारी पसरावी, मागाहून आलेल्यासाठीं ती थोडी आवरून घ्यावी, आणि ठरल्या दिवसांपलीकडे राहूं नये. धर्मशाळेच्या चोपड्यांतहि नांव-गांव आणि पुढचा मुक्काम विचारीत, तें जागा विकण्यासाठीं नव्हे.

मग जागा राखली जात नसतां परवाना तरी कशाला, असा प्रश्न उरतोच. त्याचें पहिलें कारण उघड आहे. सरोवरावर धुकें उतरलें, वादळ झालें, एखादा माणूस ठरल्या दिवशीं बोटीवर आला नाहीं, तर त्याला कोठें शोधावें याचा धागा त्या कागदांतून मिळतो. दुसरें कारण मोजणीचें. कोणत्या ठिकाणीं किती माणसें झोंपतात हें कळल्याखेरीज तेथील जमीन, शौचकूप आणि किनारा यांवर किती भार पडतो हें कळणार नाहीं. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें: परवाना घेण्याच्या निमित्तानें प्रत्येक माणसाला एकदां तरी रक्षकासमोर उभें राहून नियम ऐकावे लागतात. बेटावरचें पाणी स्वच्छ दिसतें, पण त्यांत लांडगा आणि मूस यांच्यामधून फिरणाऱ्या एका फीतकृमीचीं अंडीं असूं शकतात. तीं औषधाच्या गोळ्यांनीं मरत नाहींत. पाणी उकळावें लागतें किंवा बारीक गाळणींतून गाळावें लागतें. पाटीवर लिहिलेली ही सूचना वाचणारे थोडे. माणसानें तोंडानें सांगितलेली बहुतेकांच्या लक्षांत राहते.

नियमांत आणखी एक आहे, आणि तो ऐकून कुत्रें पाळणारीं कुटुंबें रागावतात. बेटावर कुत्रें आणतां येत नाहीं. किनाऱ्याशीं उभ्या असलेल्या होडींतसुद्धां नाहीं. या नियमामागें कडू अनुभव आहे. मूस नांवाचें प्रचंड हरिण विसाव्या शतकाच्या आरंभीं बेटावर आलें. लांडगे १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत आले. १९५८ पासून या दोन प्राण्यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास अखंड चालू आहे. शिकारी आणि शिकार यांचा इतका दीर्घ अभ्यास जगांत अन्यत्र झालेला नाहीं. १९८० सालीं बेटावर ५० लांडगे होते. १९८२ सालीं १४ उरले. कुत्र्यांमध्यें पसरणारा पार्व्हो हा रोग माणसांबरोबर आलेल्या कुत्र्यामुळें तेथें पोहोंचला असें अभ्यासकांचें मत आहे. पुढें आप्तांतील संकरामुळें कळप खंगत गेला, आणि २०१६ च्या सुमारास फक्त दोन लांडगे राहिले. शेवटीं २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले. एका लाडक्या कुत्र्याच्या सहलीची किंमत अशी कीं ती कोणत्याहि शुल्कानें भरून निघाली नसती. म्हणूनच परवान्याच्या अटी या पैशापेक्षां अधिक गंभीर समजल्या पाहिजेत.

सात ते दहा माणसांच्या जथ्याला मात्र ही धर्मशाळेची मोकळीक नाहीं. त्यांनीं आगाऊ अर्ज करावा, २५ डॉलर भरावे, आणि ठरवून दिलेल्या जागींच उतरावें. दहांपेक्षां मोठा जथा चालत नाहीं. हें रास्तच आहे. चार माणसांना सामावून घेणें हें सौजन्य. दहा माणसांना सामावून घेणें ही शिक्षा.

याच्या अगदीं उलट व्यवस्था पाहावयाची असेल तर फार दूर जाण्याची गरज नाहीं. मिनेसोटा संस्थानाच्या उत्तर टोंकास, कॅनडाच्या सरहद्दीवर, व्हॉयेजर्स नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. जुन्या काळीं कातड्यांच्या व्यापारासाठीं होड्या वल्हविणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्यांवरून त्याला हें नांव पडलें. संसदेनें १९७१ सालीं त्याला मंजुरी दिली आणि १९७५ सालीं तें स्थापन झालें. रेनी, काबेटोगामा, नामाकन आणि सँड पॉइंट हीं चार मोठीं सरोवरें म्हणजेच तें उद्यान. तेथें प्रवेशशुल्क मुळींच नाहीं. दार सताड उघडें. मात्र रात्रीं राहावयाचें तर जागा आगाऊ राखली पाहिजे, तिचें भाडें भरलें पाहिजे आणि परवाना जवळ बाळगला पाहिजे. म्हणजे आइल रॉयलला दार विकत आणि अंथरूण फुकट. व्हॉयेजर्सला दार फुकट आणि अंथरूण विकत.

यांत एक शहाणें आणि दुसरें मूर्ख असें मात्र समजूं नये. व्हॉयेजर्समधील मुक्कामाच्या बहुतेक जागा बेटांवर किंवा किनाऱ्यावर एकेकट्या आहेत, आणि तेथें होडीनेंच जावें लागतें. संध्याकाळीं वारा सुटलेला असतां एखादें कुटुंब मुलांबाळांसह होडी वल्हवीत जागेवर पोहोंचावें, आणि तेथें दुसऱ्याचा तंबू दिसावा, मग अंधारांत पुढच्या बेटाकडे निघावें, हें केवळ गैरसोयीचें नव्हे तर जिवावरचें आहे. शेजारीं सामावून घेण्यास जागाहि नाहीं. अशा ठिकाणीं आगाऊ आरक्षण म्हणजे सुरक्षितपणाच होय. आइल रॉयलवर मुक्कामाच्या बहुतेक ठिकाणीं जागांचा पुंजका आहे. एक भरली तर शेजारची असते, तीहि भरली तर शेजारी असतो. जागेची रचनाच नियमाला जन्म देते.

पण सर्वत्र नियम रचनेंतूनच येतात असेंहि नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ते गर्दींतून येतात, आणि तेथें खरा प्रश्न उभा राहतो. २०२३ सालीं यलोस्टोनला सुमारें ४५ लाख भेटी झाल्या. आइल रॉयलला त्याच वर्षीं तीस हजारांहूनहि कमी. कॅलिफोर्नियांतील योसेमिटी दरीच्या मुक्कामाच्या जागांचें आरक्षण महिन्यांतून एकदां, ठरल्या दिवशीं सकाळीं सात वाजतां संगणकावर खुलें होतें, आणि उन्हाळ्याच्या तारखा कांहीं मिनिटांत संपून जातात. त्याच उद्यानांतील हाफ डोम या प्रचंड शिळेवर चढण्याचे परवाने तर सोडत काढून वांटले जातात. जागा थोड्या आणि उमेदवार उदंड अशी स्थिति आली कीं वांटणीचे मार्ग चारच उरतात: पैसा, रांग, सोडत किंवा आगाऊ नोंदणी. आणि प्रत्येक मार्ग कोणत्या ना कोणत्या माणसाच्या सोयीचा असतो. रांग ज्याच्याजवळ वेळ आहे त्याच्या, दर वाढविणें ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या. आगाऊ नोंदणी ही दिसावयास निःपक्षपाती. पण सहा महिन्यांपूर्वींच आपली रजा निश्चित सांगूं शकणारा, सकाळीं सातच्या ठोक्याला चांगल्या यंत्रासमोर बसूं शकणारा माणूस कोण असतो? गिरणींत पाळीवर जाणारा खचितच नव्हे.

हा केवळ तर्क नाहीं. माँटाना विद्यापीठांतील एका अभ्यासकानें सहकाऱ्यांसह २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत कांहीं राष्ट्रीय उद्यानांतील मुक्कामाच्या जागांची तुलना केली. खिशांतील फोन कोठून आले याच्या नोंदींवरून त्यांना असें आढळलें कीं, आगाऊ राखतां येणाऱ्या जागांत उतरणारे लोक हे, जो आधीं येईल त्याला मिळणाऱ्या जागांत उतरणाऱ्यांपेक्षां, अधिक उत्पन्नाच्या वस्त्यांतून आलेले असतात. एका रात्रीचा दर दोन्ही ठिकाणीं बेताचाच असला तरी फरक पडतोच, तो नोंदणीच्या रीतीमुळें. ज्या देवळांतून पैसे भरून लौकर दर्शन घेण्याची निराळी बारी सुरू झाली, तेथील वाद श्रोत्यांना ठाऊक आहे. तेथें निदान पैसे भरणारा समोर दिसतो. संगणकाच्या बारींत कोण पुढें गेला आणि कोण मागें राहिला हें कोणालाच दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याबद्दल तक्रारहि होत नाहीं.

या दृष्टीनें पाहतां आइल रॉयलचा नियम फार उदार वाटतो, आणि कांहीं अंशीं तो तसा आहेच. तेथें प्राध्यापक आणि सुतार एकाच बोटींतून उतरतात, एकाच रक्षकासमोर उभे राहतात, आणि ज्याचे पाय लौकर उचलतील त्याला निवारा मिळतो. परंतु या औदार्याचा सारा खर्च सरोवर भरतें, हें विसरूं नये. दोन वेळच्या बोटीचें भाडें दिवसाच्या ७ डॉलरांपुढें कितीतरी मोठें आहे. बोट रोज जात नाहीं. वादळ झालें तर परतीचा दिवस पुढें जातो, म्हणून दोन दिवसांची जादा रजा गांठीं असावी लागते. ज्याला शनिवार-रविवार एवढीच सुटी आहे त्याला बेट जवळजवळ बंदच. एवढी दगदग करून जाणारा माणूस मग लगेच परतत नाहीं. बहुतेक उद्यानांत लोक कांहीं तास घालवितात, येथें कांहीं दिवस राहतात. त्यामुळें एकूण पाहुणे थोडे असूनहि जुलै-ऑगस्टांत बंदराजवळचीं ठिकाणें भरून वाहतात आणि सामावून घेण्याच्या सौजन्याची परीक्षा होते. निवड येथेंहि होतेच. मात्र ती कचेरींत होत नाहीं, पाण्यावर होते.

आणि या बेटावर राहण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न तंबू घेऊन येणाऱ्यांपासून सुरू झालेला नाहीं. ओजिब्वे लोकांत बेटाला ‘मिनाँग’ म्हणतात. युरोपीय लोक येण्यापूर्वीं हजारों वर्षें येथील खडकांतून तांबें काढलें जात होतें. १८४४ च्या करारानें बेट संयुक्त संस्थानांच्या ताब्यांत गेलें. पुढें खाणवाले आले आणि गेले. मग स्कँडिनेव्हियांतून आलेल्या कोळी कुटुंबांनीं किनाऱ्याच्या खांचांत घरें बांधलीं आणि सरोवरांतील मासळीवर निर्वाह केला. सधन लोकांचे उन्हाळी बंगलेहि उठले. १९२० नंतर डेट्रॉइटच्या एका दैनिकांतून आल्बर्ट स्टॉल या पत्रकारानें बेट राखण्यासाठीं नेटानें लेखन केलें. ३ मार्च १९३१ रोजीं कायदा झाला, आणि जमिनी ताब्यांत आल्यावर ३ एप्रिल १९४० रोजीं उद्यान स्थापन झालें.

त्या वेळीं तेथें असलेल्या माणसांचें काय झालें? त्यांनाहि परवाने मिळाले. बंगलेवाल्यांपैकीं अनेकांना हयातीपर्यंतचा भाडेपट्टा मिळाला. कोळ्यांना मासेमारीपुरता खास परवाना मिळाला. पट्ट्यांतील नांवें वृद्धापकाळानें एकामागून एक गळत गेलीं तसतशीं घरेंहि उद्यानाकडे गेलीं. ज्या धक्क्यावर बापानें जाळीं वाळत घातलीं तेथें मुलाला चार रात्रींच्या परवान्यावर उतरावें लागतें, अशी ही गोष्ट आहे. १९७६ सालीं बेटाच्या जमिनीपैकीं सुमारें ९९ टक्के भाग कायद्यानें निर्मनुष्य रान म्हणून घोषित झाला. रान राखण्याचा हेतु निःसंशय मोठा. पण तें रान निर्मनुष्य होतें असें मात्र कधींच नव्हतें. सर्वांना सारख्या दरानें प्रवेश मिळावा यासाठीं कांहीं थोड्यांचा वहिवाटीचा हक्क घ्यावा लागला, आणि माणशीं ७ डॉलर देऊन त्या धक्क्यावर उतरणाऱ्या पाहुण्याला हें ठाऊक असणें बरें.

शिकागो, डेट्रॉइट किंवा मिनिआपोलिस या बाजूस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना, आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यांत येणाऱ्या आप्तांना, एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. जानेवारी २०२६ पासून परदेशांतील रहिवाशांसाठीं दर बदलले आहेत. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन आदि अकरा उद्यानांत, जवळ वार्षिक पास नसल्यास, सोळा वर्षें व त्यावरील प्रत्येक परदेशी पाहुण्यास नेहमींच्या शुल्काखेरीज १०० डॉलर अधिक द्यावे लागतात, आणि त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरांचा झाला आहे. आइल रॉयलचें नांव त्या अकरांत नाहीं. तेव्हां पुण्याहून किंवा नागपुराहून आलेल्या आई-वडिलांना पांच दिवस बेटावर न्यावयाचें असेल तर त्या दोघांचे ७० डॉलरच होतात. केवळ त्यासाठीं पास घेण्यांत अर्थ नाहीं.

तयारीचा क्रमहि तेथें उलटा आहे. इतर उद्यानांत प्रथम मुक्कामाची जागा राखावी आणि मग वाहनाचें पाहावें; येथें प्रथम बोटींतील जागा राखली पाहिजे, कारण हंगामांतील जागा कित्येक महिने आधीं भरतात आणि खरें आरक्षण तें तेंच. परतीची तारीखहि त्याच वेळीं ठरते. नंतर शुल्क आगाऊ भरून त्याची पावती जवळ ठेवावी, पाणी गाळण्याचें साधन आणि दोन दिवस अधिक पुरेल इतका शिधा घ्यावा. मुक्कामाच्या परवान्यासाठीं घरीं बसून धडपड करण्याचें कारण नाहीं. तो बोटींत किंवा धक्क्यावर उतरल्यावर लिहून मिळतो.